बॅकअपची झिप उघडत नाहीये? घाई करू नका

'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ आर्काइव्ह' (म्हणजे फाइल मध्येच संपलीये) असा मेसेज दिसला की लोक मिळेल ते रिपेअर टूल उतरवतात आणि थेट ओरिजिनल फाइलवरच चालवतात, हे अजिबात करू नका. आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी घ्या, पुढचे सगळे प्रयोग त्या कॉपीवर. कॉपी करतानाच रीड एरर येतोय? मग बहुतेक डिस्कच चाललीये, अशावेळी लिनक्सवर डीडीरेस्क्यू (ddrescue) हे टूल वापरा, ते आधी चांगला भाग वाचून घेतं आणि खराब सेक्टरच्या मागे नंतर लागतं.

मग साइझ बघा. ४ जीबीच्या अगदी जवळ (४,२९,४९,६७,२९५ बाइट) येऊन अडकलीये तर फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हचा संशय घ्या, त्यावर याहून मोठी फाइल बसतच नाही, जिथून कॉपी केली तिथली मूळ फाइल शोधा.

झिप असेल तर बरीच आशा आहे. झिपची यादी फाइलच्या शेवटी असते म्हणून शेवट तुटला की सॉफ्टवेअर सरळ म्हणतं ही झिपच नाही, पण आत प्रत्येक फाइलच्या आधी तिचा स्वतःचा हेडर (नाव वगैरे माहितीचा छोटा तुकडा) असतो आणि प्रत्येक फाइल सहसा वेगवेगळी कॉम्प्रेस झालेली असते. लिनक्सच्या झिप कमांडला कॅपिटल एफ दोनदा जोडून (-FF) द्या, आउट (--out) ऑप्शनमध्ये नवीन फाइलचं नाव द्या, ती हे हेडर हुडकत नवी यादी बांधते.

टार-जीझिपचं (.tar.gz फाइलचं) मात्र अवघड. सगळा डेटा एकाच सलग धाग्यात, त्यामुळे जिथे बिघडलं तिथपर्यंतचं निघतं, पुढचं नशिबावर. जीझेडरिकव्हर (gzrecover) हे टूल चालवून बघा आणि त्यातून आलेली फाइल टार कमांडऐवजी सीपीआयओ (cpio) कमांडने उघडा, टार चुकीपाशी हटून बसतो. बीझिप२ (.bz2) मध्ये जास्तीत जास्त ९०० केबीचे सुटे ब्लॉक असतात, बीझिप२रिकव्हर ते वेगळे काढून देतं. रार (.rar) फाइलसाठी विनरारमध्ये एक्स्ट्रॅक्ट करताना 'कीप ब्रोकन फाइल्स' टिक करा, नाहीतर अर्धवट निघालेली फाइल ते स्वतःच पुसून टाकतं!

निघालेल्या फाइल्स उघडून बघाच, नाव आणि साइझ बरोबर दिसली म्हणजे आतलं ठीक असेलच असं नाही, फोटो खालून अर्धा राखाडी निघू शकतो. एसक्यूएल डंप (डेटाबेसचा टेक्स्ट स्वरूपातला बॅकअप) मध्येच तुटला असेल तर टेक्स्ट एडिटरमध्ये शेवटची अर्धवट कमांड उडवा, त्याच्या वरचे टेबल्स सहसा इम्पोर्ट होतात.