गोळी फोडण्यापूर्वी, चुरण्यापूर्वी काय पाहावे

गोळी मोठी आहे, गिळवत नाही, रुग्णाला नळीवाटे आहार दिला जात आहे किंवा निम्मीच मात्रा द्यायची आहे, अशा कारणांनी घराघरांत गोळ्या फोडल्या जातात, कुटल्या जातात आणि कॅप्सूल उघडून त्यातील पूड पाण्यात कालवली जाते. यात वावगे काही नाही असे वाटते, कारण औषध म्हणजे त्यातील मूळ द्रव्य आणि बाकी सारे आवेष्टन, अशी आपली समजूत असते. औषधनिर्माणशास्त्राचा अनुभव मात्र उलट आहे. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फिट्सवरील फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधील भरण बदलण्यात आले. कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आले, औषधाची मात्रा तीच राहिली, तरीही अनेक रुग्णांचा तोल जाऊ लागला आणि विषबाधेची लक्षणे दिसू लागली. पूर्वीच्या भरणामुळे औषधाचा काही भाग शोषला जात नव्हता, नव्या भरणाने तो अडथळा दूर झाला. निष्क्रिय म्हटल्या जाणाऱ्या घटकाचा एवढा परिणाम होत असेल, तर गोळीची घडणच मोडल्यावर काय होईल याचा अंदाज बांधता येतो.

म्हणून पहिले काम म्हणजे पट्टीवरील नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणे. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एमआर किंवा एलए अशी अक्षरे असतील, तर बहुधा ते औषध हळूहळू सुटण्यासाठी घडवलेले असते. काही गोळ्यांत औषध अशा बहुवारिकात (पॉलिमरमध्ये) मिसळलेले असते, की पाणी लागताच ते फुगून जेलीसारखा थर तयार होतो आणि औषध त्यातून तासन्‌तास झिरपत राहते. काही गोळ्यांच्या कवचाला लेसरने पाडलेले सूक्ष्म छिद्र असते, आत शिरणाऱ्या पाण्याच्या दाबाने त्यातून औषध ठरावीक वेगाने बाहेर ढकलले जाते आणि रिकामे कवच शौचावाटे जसेच्या तसे पडते. ते पाहून गोळी विरघळलीच नाही असे समजून कोणी दुसरी गोळी घेऊ नये. अशी गोळी कुटली, तर दिवसभरासाठी राखलेली मात्रा एकदम रक्तात उतरू शकते. रक्तदाबाच्या औषधात याचा अर्थ दाब धोकादायक पातळीपर्यंत खाली येणे असा होऊ शकतो आणि तीव्र वेदनाशामक ओपिऑइड (अफूवर्गीय) औषधांत श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो. अक्षरे नसली म्हणजे गोळी साधीच आहे, असेही गृहीत धरता येत नाही, कारण सर्वच उत्पादक ती छापतात असे नाही.

दुसरा प्रकार आंत्रविलेपित गोळ्यांचा. त्यांचे आवरण जठरातील आम्लात टिकते आणि आतड्यात गेल्यावर विरघळते. पित्तावरील पॅन्टोप्राझोल आम्लात नष्ट होते म्हणून त्याला आवरण लागते, तर वेदनाशामक डायक्लोफेनॅकच्या बाबतीत ते जठराच्या रक्षणासाठी असते. पहिली गोळी चुरली तर औषध वाया जाते, दुसरी चुरली तर पोट बिघडते. दिसायला मात्र हे आवरण आणि नुसत्या रंगाचे किंवा चव झाकणारे आवरण यांत फरक कळत नाही, त्यामुळे नजरेने निर्णय घेऊ नये.

गोळीवरील खाच हा गोळी तोडता येते याचा पुरावा मानला जातो, पण तोही अर्धवट आहे. काही खाचा केवळ ओळखीसाठी असतात. याउलट रक्तदाबावरील मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या काही दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्या खाचेवर दोन तुकडे करून घेता येतात, कारण त्या असंख्य आवरणयुक्त सूक्ष्म कणांनी बनलेल्या असतात, पण त्या चावायच्या किंवा कुटायच्या नसतात. कण असलेल्या काही कॅप्सूल उघडून मऊ अन्नावर पसरता येतात, मात्र तिथेही कण चावू नयेत. मेथोट्रेक्सेटसारख्या कर्करोगविरोधी औषधांच्या गोळ्या घरी मुळीच कुटू नयेत, कारण उडणारी भुकटी कुटणाऱ्याच्याही शरीरात जाते.

गिळण्याची अडचण खरी असेल तर आधी पद्धत बदलून पाहावी. सरळ बसून, तोंडात पाणी घेऊन गिळावे. कॅप्सूल पाण्यावर तरंगते, म्हणून ती गिळताना मान मागे टाकण्याऐवजी किंचित पुढे झुकवावी. डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिकची कॅप्सूल पुरेशा पाण्याविना घेऊन लगेच आडवे झाल्यास ती अन्ननलिकेत अडकून व्रण पडू शकतो. एवढे करूनही जमत नसेल, तर डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला तेच औषध द्रवरूपात किंवा पाण्यात विरघळणाऱ्या गोळीच्या रूपात मिळते का, हे विचारावे. त्याच वेळी ते औषध अजून लागते का, हेही विचारायला संकोच वाटू देऊ नये. १९८५ साली नैरोबी येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेत विवेकी औषधवापराची जी व्याख्या पुढे आली, तिच्यात गरजेनुसार औषध, त्या व्यक्तीला योग्य मात्रा, पुरेसा कालावधी आणि कमीत कमी खर्च या चारही बाबी आहेत. माझ्या मते गिळता न येणारी गोळी ही त्या चारही बाबी पुन्हा तपासण्याची उत्तम संधी असते.

रूप बदलताना मात्रा आपोआप जुळत नाही, हेही लक्षात ठेवावे. फेनिटॉइन सोडियमच्या १०० मिलिग्रॅममध्ये मूळ फेनिटॉइन सुमारे ९२ मिलिग्रॅमच असते आणि सिरपमध्ये सहसा मूळ फेनिटॉइन असते, म्हणून कॅप्सूलवरून सिरपवर जाताना हिशेब डॉक्टरांकडूनच करून घ्यावा. दीर्घकाळ चालणाऱ्या गोळीऐवजी साधे द्रव औषध दिले, तर दिवसातून एकदाऐवजी अनेकदा द्यावे लागू शकते.

पूड असलेले अँटिबायोटिक सिरप तयार करताना बाटली आधी हलवून पूड मोकळी करावी, उकळून गार केलेले पाणी थोडे घालून नीट हलवावे, मग खुणेपर्यंत उरलेले पाणी घालून पुन्हा हलवावे. एकदम सारे पाणी ओतल्यास तळाशी गुठळ्या राहतात. फेस बसल्यावर पातळी पुन्हा पाहावी, प्रत्येक वेळी देण्यापूर्वी बाटली हलवावी आणि मोजण्यासाठी स्वयंपाकघरातील चमच्याऐवजी सिरिंज वापरावी. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेटचे तयार मिश्रण फ्रिजमध्ये ठेवूनही साधारण ७ दिवसच टिकते, म्हणून पाणी घातल्याची तारीख बाटलीवर लगेच लिहावी आणि लेबलवरील मुदत उलटल्यावर उरलेले औषध पुढच्या आजारासाठी ठेवू नये.