जर्मनीत शिकायला गेलात? पहिले काही महिने असे रुळा

पहिल्या दोन आठवड्यांत ‘आन्मेल्डुंग’, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी उरकून घ्या. घरमालकाच्या सहीचा कागद लागतो आणि मोठ्या शहरांत भेटीची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून निघण्याआधीच ऑनलाइन बघायला लागा. टपालपेटीवर आपलं आडनावही लगेच चिकटवा. तिथे पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर बँकेचं कार्ड आणि कर क्रमांकाचं पत्र आल्या पावली परत.

मग आठवड्याची लय पकडा. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे दूध-भाजी शनिवारीच. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची. गोंगाट झाला तर शेजारी थेट दारात येऊन सांगेल. तो भांडायला आलेला नसतो, त्यांची बोलायची पद्धतच तशी. रिकाम्या बाटल्या फेकू नका, प्लास्टिकच्या बाटलीमागे सहसा २५ सेंट परत मिळतात.

वेळापत्रकात १० पुढे ‘सी. टी.’ लिहिलं असेल तर तास सव्वादहाला. गुणांचं गणित उलटं: १.० सर्वांत चांगले, ४.० म्हणजे काठावर पास. हे आईबाबांना आधीच समजावून ठेवा, नाहीतर १.३ ऐकून घरात सुतकी शांतता पसरेल.

खरं अवघड काम मैत्रीचं. ‘ये की घरी कधीही’ असं तिथे कुणी म्हणत नाही. बोलावलं तर दिवस-वेळ ठरवून, आणि चार म्हणजे चारच. आपण वाट बघत बसतो आणि ‘हे लोक थंड आहेत’ असं ठरवून टाकतो. त्यापेक्षा विद्यापीठाच्या खेळवर्गात नाव घाला किंवा भाषेचा ‘टांडेम’ जोडीदार शोधा: तुम्ही हिंदी शिकवा, तो जर्मन. दर आठवड्याला तीच माणसं भेटली की ओळख आपोआप घट्ट होते. वाढदिवसाला केक तुम्हीच न्यायचा असतो. आणि कुणालाही आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, अपशकुन मानतात.

मराठी मित्रमंडळ हवंच, पण सगळ्या संध्याकाळी तिथेच घालवू नका.

नोव्हेंबर सोपा नसतो. डिसेंबरात बर्लिनमध्ये चारच्या आतच सूर्य मावळतो. दुपारी थोडं तरी बाहेर चाला. दोन-तीन आठवडे झोप-भूक उडाली तर ‘श्टुडिरेंडेनवेर्क’च्या, म्हणजे विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या संस्थेच्या समुपदेशकाला गाठा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं, त्यामुळे भारताशी साडेतीनऐवजी साडेचार तासांचा फरक पडतो. घरच्या फोनची वेळ तेव्हाच बदलून घ्या, आई जागी असतानाची.