गाव चालतं करायचं असेल तर

मी पारोळा तालुक्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. तिशीच्या पुढच्या माणसांचा शुगर-बीपीचा फॉर्म भरायला घरोघर जाते. त्यात एक प्रश्न असतो: आठवड्यात निदान १५० मिनिटं शरीराची हालचाल होते का? बहुतेक पुरुषांचं उत्तर एकच. "ताई, शेतीवाला माणूस मी, मला काय विचारता!"

पण शेतीवाला माणूस आता गाडीवर शेतात जातो, ठिबकच्या नळ्या बघतो आणि परत येतो. मोटार घरबसल्या मोबाईलवरून चालू होते. रात्रीच्या लाईटसाठी अंधारात विहिरीवर जाणं सुटलं, साप-विंचवाची धास्ती गेली, हे फार चांगलं झालं. दारात नळ आला, गावात चक्की आली. बायांना पुन्हा जात्यावर बसवा असं कोणी म्हटलं तर मला राग येतो. सोयी राहू द्या. मात्र पायांचं काम त्यांच्याबरोबर गेलं, ते दुसऱ्या वाटेनं परत आणावं लागतं. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासाप्रमाणे २०२२ मध्ये भारतातली जवळपास निम्मी प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नव्हती. बायांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२.

एकेकाला घरी जाऊन "व्यायाम करा" सांगितलं की माणूस मान डोलावतो आणि खाटेवर टेकतो. गल्ली उठली तर माणूस उठतो. म्हणून मी गल्लीपासून सुरुवात करते, तुम्हीही तसंच करा.

आधी गल्लीत कोण काय काम करतं ते नीट बघा. निंदणी-वेचणीला मजुरीनं जाणाऱ्या बाईला फिरायला चला म्हणू नका. दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या बाईला पाठ टेकायला जागा, पोटभर जेवण आणि झोप हवी असते. तिला एवढंच सांगा की ओळ संपली की सरळ उभं राहायचं, हात कमरेवर ठेवून हळूच मागं वाकायचं आणि पाणी प्यायचं. चालायला काढायची ती दुकानावर, मशीनवर, ऑफिसात, टीव्हीसमोर बसणारी माणसं, आणि ज्यांची शेती आता गाडीवरून होते ती.

बायांचा गट जमवायचा असेल तर सुनेशी बोलण्याआधी सासूशी बोला. मी तिला म्हणते, "अक्का, तुमचे गुडघे धरतात ना? चला माझ्याबरोबर मारुतीपर्यंत, हळूहळू जाऊ." अक्का निघाली की सुनेला कोणी अडवत नाही. आमच्याकडे बाई विनाकामाची रस्त्यावर दिसली की ओट्यावरून हाक येतेच, "कथा चालनी वं माय?" (कुठं चाललीस गं बाई?) त्या हाकेला द्यायला उत्तर लागतं. म्हणून चालण्याला ठिकाण द्या: देऊळ, दूध डेअरी, बचत गटाची बैठक. बैठक गल्लीतल्या ओट्यावर घेण्याऐवजी गावाच्या दुसऱ्या टोकाला शाळेत ठेवली की जाणं-येणं आपोआप होतं. पायात साधे कॅनव्हासचे बूट असू द्या. साडीवर बूट घालायची लाज वाटते, पण गटातल्या दोघी-तिघींनी एकाच दिवशी घातले की ती लाज निघून जाते.

वेळ ऊन बघून ठरवा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा पहाटे साडेपाच ते सातच्या आतच निघा, नाही तर रात्री जेवणानंतर तासाभरानं. पावसाळ्यात अंधार आणि चिखल असेल तर बॅटरी हातात हवी, पायवाट सोडून डांबरी धरा. वेचणीच्या दिवसांत गट मोडतो, मोडू द्या, बोलणी लावू नका. शेवटची वेचणी झाली की परत दारावर जा.

किती वेगानं चालायचं हे बाया हमखास विचारतात. मी सांगते, बोलता आलं पाहिजे, पण आखाजीचं (अक्षय तृतीयेचं) गाणं म्हणता येऊ नये. आरामात गाणं निघत असेल तर पाय उचला, बोलायलाही दम लागत असेल तर सावकाश घ्या. अशी अर्धा तास चाल आठवड्यातून पाच दिवस झाली की १५० मिनिटं भरतात. सलग अर्धा तास जमत नसेल तर तीन वेळा दहा-दहा मिनिटं करा, तीही मोजली जातात. शिवाय आठवड्यातून दोन दिवस हातापायांना जोर पडेल असं काही हवं. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर काढणं, एवढं घरात होतं. श्रावणात कानबाई देवीच्या विसर्जनाला ज्या बाया मनसोक्त नाचतात आणि फुगडी घालतात, त्यांना मी म्हणते की ही फुगडी श्रावणापुरती ठेवू नका.

पुरुषांचं वेगळं. पारावरच्या मंडळींना व्यायाम म्हटलं की ते आपलं वय सांगतात. त्यांना सप्तशृंगीची वाट दाखवा. चैत्रात खानदेशातून किती माणसं वणीला पायी जातात! पोरं तयारी न करता निघतात आणि दुसऱ्या दिवशी फोडांनी लंगडतात. पदयात्रेच्या दीड-दोन महिने आधी संध्याकाळचा सराव लावा: पहिल्या आठवड्यात फाट्यापर्यंत, मग पुढच्या गावापर्यंत, अंतर थोडंथोडं वाढवत. जिभाऊ, नाना यांना पुढं ठेवा, पोरं मागं येतात. यात्रा झाल्यावर तोच गट त्याच वेळेला फाट्यापर्यंत चालू ठेवायचा, हे आधीच ठरवून घ्या.

म्हाताऱ्या माणसांना चालण्याइतकीच तोल सांभाळायची सवय लागते, कारण या वयात पडणं महागात जातं. आठवड्यातून तीन दिवस भिंतीला किंवा खाटेच्या कडेला धरून एका पायावर थोडा वेळ उभं राहायचं, मग दुसऱ्या पायावर. शेजारी कोणीतरी हवंच.

मुलांना रोज तासभर धावणं-खेळणं हवं. शाळा किलोमीटरभरावर असेल तर गाडीवर सोडू नका. गल्लीतली सगळी पोरं एकत्र, बरोबर आळीपाळीनं एक मोठं माणूस, असं पायी पाठवा. संध्याकाळी लंगडी, आट्यापाट्या, विटीदांडू. एवढं आपल्या गल्लीत अजून होतं.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी लांब चालू नका, खिशात गुळाचा खडा किंवा साखर ठेवा. घाम फुटून हातपाय थरथरले तर तिथंच बसून ते खा. शुगरच्या माणसानं अनवाणी चालू नये, नवस असला तरी. देवी चप्पल देवळाबाहेर काढायला सांगते, घरापासून नाही. पायाला काटा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळते. घरी आल्यावर तळपाय रोज बघा, दिसत नसेल तर नातवाला बघायला सांगा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबून थेट दवाखाना गाठा. गट सुरू करण्याआधी आयुष्मान आरोग्य मंदिरात (सरकारी उपकेंद्रात) सगळ्यांची शुगर-बीपी तपासून घ्या, पैसे लागत नाहीत.

आणि रस्ता. अंधारात, कुत्र्यांच्या भीतीनं बाया बाहेर पडत नाहीत, त्याला भाषण कामाचं नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, तिथं जा. अर्जात मोघम लिहू नका. कोणत्या खांबावरचा दिवा बंद आहे, कोणत्या वळणावर गटाराचं पाणी रस्त्यावर येतं, कुठं बसायला बाक हवा, हे खांबा-वळणासकट लिहा. गटातल्या सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि गावविकास आराखड्यात हे काम घाला असा ठराव लिहून मागा.