सेफ्टी की सिक्युरिटी? दोन इंग्रजी शब्दांतला फरक कसा शोधायचा

डिक्शनरीत सेफ्टी बघितलं की मिळतं सुरक्षितता, सिक्युरिटी बघितलं की सुरक्षा, म्हणजे आपण होतो तिथेच. अशा जोड्या इंग्रजीत भरपूर आहेत आणि अर्थ पाठ करून त्या सुटत नाहीत. मी कसं करतो ते या एकाच जोडीवर सांगतो, कारण हिच्यात आपल्याकडे खरंच घोळ होतो, अगदी सरकारी कायद्यांच्या नावापर्यंत.

सुरुवातीला अर्थ बाजूला ठेवा आणि तो शब्द कुणाकुणाबरोबर फिरतो ते बघा. सेफ्टी पिन, कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, सेफ्टी शूज, फायर सेफ्टी. तिकडे सिक्युरिटी गार्ड, सिक्युरिटी चेक, सिक्युरिटी डिपॉझिट. आता अदलाबदल करा. सिक्युरिटी शूज म्हटलं तर वाटतं वॉचमनचे बूट आहेत, आणि सेफ्टी गार्ड म्हटलं की माणूस गायब होतो आणि मशीनच्या फिरत्या पट्ट्यावरची जाळी डोळ्यासमोर येते. अदलाबदल करून जे विचित्र वाटतं ना, तिथेच फरक लपलेला असतो.

विमानप्रवासात तर दोन्ही शब्द एकापाठोपाठ भेटतात. एअरपोर्टवर सीआयएसएफवाले बॅग तपासतात ते सिक्युरिटी चेक, आत बसल्यावर एअर होस्टेस सीटबेल्ट आणि ऑक्सिजन मास्क कसा लावायचा ते दाखवते ती सेफ्टी. बॅगेत चाकू शोधतात कारण कुणीतरी मुद्दाम काही करेल अशी भीती असते, मास्क असतो केबिनमधला हवेचा दाब कमी झाला तर, त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. म्हणून पहिला कच्चा नियम असा की धोका अपघाताचा असेल तर सेफ्टी आणि धोका माणसाचा असेल तर सिक्युरिटी.

कच्चा म्हटलं कारण तो लगेच पक्का धरायचा नाही. आधी अशी जागा शोधा जिथे दोन शब्द एकमेकांच्या विरोधात उभे राहतात. ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे आणि बहुतेक लोक हीच गाळतात. ऑफिसमधला कार्ड लावून उघडणारा दरवाजा घ्या. लाइट गेली तर त्याने उघडायचं की बंद राहायचं? वीज गेल्यावर उघडणाऱ्या कुलुपाला फेल-सेफ म्हणतात आणि बंदच राहणाऱ्याला फेल-सिक्युअर. आग लागली तर लोकांना बाहेर पडता आलं पाहिजे ही सेफ्टी, चोराला आत येता येऊ नये ही सिक्युरिटी, आणि दरवाजा एकच. फ्लॅटच्या खिडक्यांना आपण जे पक्के ग्रिल ठोकतो तिथेही हेच भांडण आहे, चोर बाहेर राहतो पण आगीच्या वेळी आपणही आत राहतो.

याचं सगळ्यात भयानक उदाहरण म्हणजे जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीचं विमान. ११ सप्टेंबर २००१ नंतर कॉकपिटचे दरवाजे मजबूत केले, बाहेरून कुणी घुसू नये म्हणून. २४ मार्च २०१५ ला बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेल्या विमानात कॅप्टन बाहेर गेला आणि को-पायलटने आतून दरवाजा लॉक केला, कॅप्टनला परत आत येता आलं नाही आणि को-पायलटने मुद्दाम विमान आल्प्समध्ये आदळवलं, त्यात १५० जण गेले. सिक्युरिटीसाठी केलेल्या दरवाजानेच सेफ्टी संपवली.

आता नियम मोडून बघा. विमेन्स सेफ्टी म्हणतात, तिथे धोका तर माणसांचाच असतो. जॉब सिक्युरिटी म्हणतात, तिथे चोर कुठेय? म्हणजे नियम अर्धवट आहे, थोडा दुरुस्त करायचा. सेफ्टी बघते माणसाला इजा होते की नाही, मग ती कशानेही होवो. सिक्युरिटीत पहारा येतो, बंदोबस्त येतो, आणि त्याशिवाय हातात असलेलं उद्याही असेल याची खात्रीसुद्धा येते. सिक्युरिटी डिपॉझिट इथेच बसतं, घरमालकाला खात्री हवी असते.

हे कळलं की फूड सेफ्टी आणि फूड सिक्युरिटी आपोआप सुटतं. मराठीत दोन्हीला अन्न सुरक्षा म्हणतात, त्यामुळे बातमी वाचून नक्की काय ते कळतच नाही. २००६ चा कायदा फूड सेफ्टीचा, पाकिटावर जो १४ आकडी एफएसएसएआय नंबर असतो तो त्यातला, हॉटेलच्या किचनमध्ये जाऊन सॅम्पल घेणारा अन्न सुरक्षा अधिकारी पण त्यातलाच. २०१३ चा कायदा फूड सिक्युरिटीचा, म्हणजे रेशन, प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदयवाल्या कुटुंबाला ३५ किलो धान्य. भेसळीचं पनीर बाजारात हवं तेवढं मिळत असेल तर तिथे सेफ्टी नाही, आणि धान्य एकदम चांगलं आहे पण पुढच्या महिन्यात मिळेल की नाही माहीत नाही तर सिक्युरिटी नाही.

हिंदीत रेल्वेने यावर तोडगा काढलाय, सेफ्टीला संरक्षा आणि सिक्युरिटीला सुरक्षा. मराठीत तो चालवणं अवघड आहे कारण संरक्षण म्हटलं की आपल्याला लष्कर आठवतं.

मूळ धातू शेवटी बघावा, आधी नाही, कारण शब्द मुळापासून कुठल्या कुठे गेलेले असतात. पण इथे तो कामाचा आहे. सेफ येतो लॅटिन साल्व्हुसवरून, म्हणजे धडधाकट, काही न झालेला. सिक्युअरमध्ये से म्हणजे विना आणि कुरा म्हणजे काळजी. आता मराठी बघा, गावी पोचल्यावर आपण फोन करून सांगतो सुखरूप पोचलो, तो सेफ, आणि दाराला कुलूप लावून निर्धास्त झोपतो तो सिक्युअर. निर्धास्तमध्येही धास्ती नसणंच आहे, म्हणजे लॅटिनवाल्यांनी आणि आपण वेगवेगळ्या वाटेने तोच शब्द बनवला!

शंका राहिलीच तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या लर्नर्स डिक्शनरीत फक्त उदाहरणांची वाक्यं वाचा, व्याख्या नको, आणि विरुद्धार्थी शब्दही बघा. पूल अनसेफ असतो, माणूस इनसिक्युअर असतो, उलटं क्वचितच.

भाषांतर करायचं असेल तर दरवेळी सुरक्षा लिहू नका. जॉब सिक्युरिटीला नोकरीची शाश्वती, सिक्युरिटी डिपॉझिटला अनामत, फूड सिक्युरिटी बोलताना समजावायची असेल तर धान्याची हमी. कायद्याचं नाव मात्र आहे तसंच लिहावं लागतं, तिथे शेजारी साल टाका, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की भेसळीचं चाललंय की रेशनचं.