बजेट गेमिंग पीसी: पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

लॅमिंग्टन रोडवरून सामान घेतलं, ठाणे लोकलच्या गर्दीत कॅबिनेट सांभाळत घरी आणलं, रात्री जोडणी उरकली आणि बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. पहिला संशय मदरबोर्डावर जातो. बहुतेकदा तो बिचारा निर्दोष असतो.

आधी मागची केबल बघा. रायझन ५ ५६०० किंवा आय३ १२१००एफ या प्रोसेसरांत स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआय पोर्टला केबल लावली तर काहीच दिसणार नाही. कॅबिनेटच्या मागे वरचे उभे पोर्ट बोर्डाचे, खालचे आडवे ग्राफिक्स कार्डाचे. केबल खालच्यात हवी.

मग रॅम. बोर्डावर चार स्लॉट आणि स्टिक दोन असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. बऱ्याच स्वस्त बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो. त्या बाजूने 'टक' आवाज आला की माणूस हात काढतो आणि दुसरं टोक अर्धा मिलिमीटर वर राहतं. दोन्ही टोकं अंगठ्याने दाबा, सोनेरी पट्टी बाहेर दिसता कामा नये. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते, तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका.

तिसरी गोष्ट आठ पिनांच्या केबलची. प्रोसेसरची केबल ४+४ पिनांची, कार्डाची ६+२. पिना दोन्हीकडे आठच, पण आतली वायरिंग वेगळी. बसत नसेल तर जोर लावू नका, ती केबल तिथली नाहीच. एवढं करूनही डिस्प्ले नसेल तर बोर्डावरचे सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (विंडोज असलेली डिस्क) असे चार बारीक दिवे शोधा. जो लागून राहतो, अडचण तिथे.

जुन्या स्टॉकचा बी४५० बोर्ड रायझन ५००० मालिकेला (वरचा ५६०० त्यातलाच) ओळखतच नाही, असंही होतं. बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, दुकानातच अपडेट करून घ्यायचं, घरी आल्यावर त्या अपडेटपुरता जुना प्रोसेसर कुणाकडे मागत फिरणार?

पैसे नको तिथे वाचवणं

सगळ्यात महागात पडते ती एसएमपीएसमधली, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातली काटकसर. कॅबिनेटसोबत आलेल्या डब्यावर ठळक '५०० वॉट' लिहिलेलं असतं. तो आकडा सोडा, लेबलवरची १२ व्होल्टची ओळ वाचा. तिथे १८ अँपिअर असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड या लाइनवरच चालतात. आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड एकटं १३२ वॉटपर्यंत घेतं, त्यावर ६५ वॉटचा प्रोसेसर, मग उरलं काय? गेम सुरू झाला की पीसी पटकन बंद. याच जोडीला चांगल्या कंपनीचा ४५० ते ५५० वॉटचा एसएमपीएस आरामात पुरतो. ७५० वॉटचा घ्यायची गरज नाही, ते पैसे कार्डात घाला.

दुसरी फसगत आरएक्स ६५०० एक्सटीची. हे कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे बोर्ड आणि कार्डामधल्या डेटाच्या वाटेच्या, चारच लेन वापरतं. ए५२० किंवा बी४५० बोर्डावर त्या तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालतात, म्हणजे चौथीच्या निम्म्या. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. ५६००जी प्रोसेसर तर चौथ्या पिढीच्या बी५५० बोर्डावरही तिसऱ्या पिढीतच राहतो.

वेग कमी वाटतो म्हणून कार्ड बदलायला निघालेल्यांनी आधी दोन सेटिंग तपासावीत. ३२०० ची रॅम बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू केल्याशिवाय २१३३ किंवा २४०० वरच धावते. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये हाताने निवडेपर्यंत ६० वरच असू शकतो.

वीज आणि खाडीची हवा

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतो, तो अर्थिंगमधून निघून जायला हवा. जुन्या इमारतीत अर्थिंगच तुटलेलं असतं, नाहीतर मध्ये दोन पिनांचा ॲडॉप्टर लावलेला असतो. चप्पल घालून बसणं हा इलाज नव्हे. वायरमनला बोलावून फेज आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या, तो २३० च्या आसपास यायला हवा.

यूपीएस घेताना व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) आकडा बघून फसू नका, ६०० व्हीएचे बरेच यूपीएस ३६० वॉटचेच असतात. लाइट गेली की डेस्कटॉपवर पीसी टिकतो आणि गेममध्ये बंद पडतो, तर कारण बहुधा हेच.

ऐरोली, वाशी, कोपरी या खाडीकाठच्या भागात पावसाळ्यात रॅमच्या पट्टीवर थर चढतो. काल चालणारा पीसी आज नुसता बीप करतो. प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, रॅम काढून सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबराने हलकी घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सुकू द्या. मग एकेक स्टिक लावून बघा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब जातात. ब्लोअर मारताना पंखे बोटाने धरून ठेवा.

थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलताना एएम४चा, म्हणजे वरच्या रायझनच्या सॉकेटचा, कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून पिनांसकट बाहेर येतो. आधी दहा मिनिटं पीसी चालवून पेस्ट गरम करा, मग बंद करून प्लग काढा आणि कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

पीसी अचानक बंद पडला की विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं आणि लोक लगेच नवा एसएमपीएस मागवतात. ती नोंद फक्त पीसी नीट बंद झाला नाही एवढंच सांगते, का ते नाही. आधी तापमान बघा. रायझन ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे. खेळताना तिथे पोचत असेल तर कूलर तपासा, खालची प्लास्टिकची फिल्म तशीच राहिलेली सापडते. तापमान ठीक असेल तर मित्राचा एसएमपीएस तासाभरासाठी लावून बघा. तो मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) असेल तर केबलही त्याच्याच आणा. टोकं सारखी दिसली तरी कंपनीगणिक आतली वायरिंग बदलते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले तर एसएसडी तिथेच संपतो.