शंभर वर्षांपूर्वीच्या तबकड्या ऐकायच्या, तर सुरुवात कुठून?

‘जगभरातली जुनी गाणी’ असं शोधलंत, तर समोर नुसता ढीग येतो आणि दहा मिनिटांत कंटाळा. त्यापेक्षा एक माणूस धरा आणि त्याच्या मागोमाग चाला. माझी पसंती फ्रेड गाइसबर्गला. हा गायक नव्हे, ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक. एप्रिल १९०२मध्ये मिलानच्या हॉटेलात त्यानं इटालियन ऑपेरा गायक एन्रिको कारुसोची दहा गाणी मुद्रित केली, नोव्हेंबरात कलकत्त्यात गायिका गौहर जानपुढे आवाज टिपणारा कर्णा मांडला आणि १९०३मध्ये टोकियो, शांघाय गाठलं.

ही गाणी इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट ऐकायला मिळतात. अमेरिकी तबकड्यांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’ बघा. नावाचं रोमन स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून पाहा. ‘जान’मधला एक ‘ए’ वाढला की वेगळीच यादी उघडते.

पहिल्यांदा खरखरच ऐकू येईल. आवाज वाढवू नका, तेच गाणं लगेच पुन्हा लावा. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात शिरेल तेवढंच उमटायचं, त्यामुळे साथीची वाद्यं लांबून आल्यासारखी वाटतात. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. तेवढ्यात ख्याल कसा बसवलाय, ते गौहर जानकडे ऐका. शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, तो तोरा नव्हे. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हानोव्हरला; तिथल्या लोकांना गाणं कुणाचं ते कळायला हवं ना!

आवाज चिरका किंवा जड वाटला तर वेग तपासा. मिनिटाला ७८ फेरे हे प्रमाण नंतर रुळलं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय घ्या, नुसती लय बदलणारा नको. पियानोची साथ असेल तर शेजारी पेटी घेऊन बसा: सूर दोन पट्ट्यांच्या मधे पडत असेल, तर तो एका पट्टीवर येईपर्यंत वेग थोडा थोडा बदला. आपल्या गायकांना ही युक्ती लागू नाही, षड्ज ज्याचा त्याचा.

कान सरावले की १९२५ ओलांडा. त्या वर्षी विजेवरचं, म्हणजे मायक्रोफोननं केलेलं ध्वनिमुद्रण बाजारात आलं. फरक कळायला अर्जेंटिनाच्या कार्लोस गार्देलचा ‘मी नोचे त्रिस्ते’ हा टँगो घ्या. त्यानं तो १९१७ला कर्ण्यात गायला आणि १९३०ला मायक्रोफोनपुढे. दोन्ही लागोपाठ लावा, हेडफोन घालून. गिटार कुठून कुठं आली, ते आधी ऐका. गार्देलकडे मग वळा.