चेक लाइट न लावता खोटं बोलणारा सेन्सर

माझी गाडी मारुतीची ओम्नी. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल. पहाटे चिपळूणहून पाव-खारी-टोस्ट भरून गुहागर रोडच्या दुकानांना टाकत जायचं, हे तिचं काम. २२ जुलै २०२१ च्या पुरात ती सीटपर्यंत पाण्यात उभी होती. ऑइल बदललं, धुऊनपुसून सुरू केली, चालली. दीड-दोन वर्षांनी मात्र नखरे सुरू झाले. सकाळी थंडीत एकदम झकास. गरम झाली की स्लोवर गुरगुर, सायलेन्सरला पेट्रोलचा वास, प्लग काजळीने काळे. अ‍ॅव्हरेज पंधराचं अकरावर आलं. डॅशबोर्डवरची चेक लाइट (इंजिनमधल्या बिघाडाचा दिवा) लागत नव्हती. एका मेस्त्रीने ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलला, दुसऱ्याने प्लग आणि एअर फिल्टर. फरक काही नाही.

मग मीच सीट उचलून बसलो. (ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली. खालून चिखल, वरून सांडलेला चहा, दोन्ही त्याच्याच डोक्यावर.)

आधी एक समजून घ्या. सेन्सरचं रीडिंग अशक्य वाटलं, तरच बहुधा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, चेक लाइट लावतो. कूलंट सेन्सरची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान सांगणारा) वायर तुटली तर त्याला इंजिन उणे ४० अंशावर दिसतं. चिपळुणात उणे ४० नाही हे त्यालाही कळतं, दिवा लागतो. पण ७५-८० अंशांचं इंजिन त्याला ३५ अंशांचं दिसलं, तर त्यात त्याला वावगं काय वाटणार? तो इंजिन थंड समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो. इंजिन पुरेसं गरम झाल्याशिवाय तो ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतही नाही. म्हणून नवा टाकूनही माझे पैसे पाण्यात गेले.

ईसीयूला जोडायचा स्कॅनर असेल तर बिघाडाच्या कोडच्या आधी लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे, बघा. रात्रभर उभी गाडी, चावी फक्त ऑन: कूलंट आणि हवेचं तापमान जवळपास सारखं आणि बाहेरच्या हवेइतकं दिसलं पाहिजे. आपल्याकडे पेट्रोल गाड्यांना ओबीडी (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून स्कॅनरला सांगायची सोय) आलं ते २०१० नंतर. त्याआधीच्या गाडीशी स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बऱ्याचदा बोलतच नाही. तिथे मल्टीमीटर हाच देव.

कूलंट सेन्सर थर्मोस्टॅटच्या आसपास, दोन वायरचा. डॅशबोर्डच्या काट्याचा बहुधा वेगळा, एका वायरचा असतो. गफलत करू नका. कपलर (वायरीचा प्लग) काढून सेन्सरच्या दोन पिनांवर ओहम मोजा. २० अंशांना साधारण सव्वादोन ते अडीच हजार, ८० ला तीनशेच्या आसपास. शंका असेल तर गार इंजिनमधून सेन्सर काढून टोपात पाणी तापवा, फक्त टोक बुडवा, पिना कोरड्या ठेवा. पाणी तापत जाईल तसा आकडा न अडखळता उतरत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली तर सेन्सर गेला. गरम इंजिनवर तो खोलू नका, उकळतं कूलंट तोंडावर येतं.

माझा सेन्सर ठणठणीत निघाला. गरम इंजिनवर ३१० ओहम. मग बॅटरीची निगेटिव्ह काढली, कपलर परत लावला, ईसीयूचा कपलर काढला आणि त्याच रंगाच्या दोन वायरींवर तिकडच्या टोकाला मोजलं: १,५००! मधले बाराशे आले कुठून? कपलरचं रबर मागे सारलं, तर आत हिरवी पावडर. पुराचं पाणी तिथे मुरून बसलं होतं.

हे निघालं नाही तर अर्थिंग. गाडी सुरू करून हेडलाइट लावा, मीटरची एक वायर इंजिनच्या उघड्या धातूला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.१-०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची पट्टी खोलून घासा. अर्थ खराब असला की सगळे सेन्सर एकदम वेड्यासारखे वागतात. मॅप सेन्सरला (इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) रबरी नळी असेल तर वाकवून चिरा बघा. थ्रॉटल सेन्सरवर मीटर ठेवून अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबा: अर्ध्या-एक व्होल्टवरून चारच्या आसपास, मध्ये कुठेही न अडखळता. सीएनजी किंवा एलपीजी किट बसवलेलं असेल, तर टेप गुंडाळलेले जोड सगळ्यात आधी उघडा.

चालू गाडीत बॅटरीची टर्मिनल काढून अल्टरनेटर ‘चेक’ करणारे अजून आहेत. त्यांना हात लावू देऊ नका, ईसीयू उडू शकतो. बल्बवाली टेस्ट लाइटही सेन्सरच्या वायरला नको.

मी पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतल्या. एक पिन पार खाल्लेली होती, म्हणून कपलर नवा जोडला: वायरी पिळून नाही, कैया मारून (सोल्डर करून), वर उष्णतेने आवळणारी नळी. ईसीयूकडच्या टोकाला पुन्हा मोजलं, ३१५. त्या आठवड्यात अ‍ॅव्हरेज साडेचौदावर आलं. आता कपलरच्या आधी वायरला थोडा झोळ ठेवलाय, म्हणजे वरून ओघळलेलं पाणी कपलरमध्ये न शिरता झोळाच्या तळातून खाली टपकतं.